एकच पात्र, अनेक चित्रे : कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे चित्रनिर्मिती आणि उसन्या चेहऱ्याचा प्रश्न

प्रस्तावना

अभ्यासपुस्तिकेतील एखादे पात्र पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत विद्यार्थ्यांच्या सोबतीला राहिले, तर विषयाची गोडी टिकते, हा अध्यापकांचा जुना अनुभव आहे. शालेय पाठ्यपुस्तकांना हे साधते, कारण त्यांच्यामागे चित्रकार आणि निधी दोन्ही असतात. रुग्णसाहाय्य, शिवणकाम, वीजजोडणी यांसारखे अभ्यासक्रम चालविणाऱ्या कम्युनिटी कॉलेजांची स्थिती निराळी आहे. तेथील पुस्तिका बहुधा अध्यापकच तयार करतात, त्यांच्या झेरॉक्स प्रती निघतात आणि चित्रांची जागा एकतर रिकामी राहते किंवा इंटरनेटवरून उचललेल्या परक्या वातावरणातील चित्रांनी भरली जाते.

२०२२ या वर्षी मिडजर्नी, डॅल-ई २ आणि स्टेबल डिफ्यूजन ही साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. शब्दांत वर्णन लिहावे आणि काही सेकंदांत चित्र मिळावे, ही सोय पुस्तिका तयार करणाऱ्या अध्यापकाला मोठीच वाटली तर नवल नाही. मात्र ती वापरणाऱ्यांच्या दोन तक्रारी लवकरच पुढे आल्या. पहिली अशी की, पहिल्या धड्यातील मुलगी दुसऱ्या धड्यात ओळखू येत नाही. दुसरी अशी की, ही चित्रे कोणाच्या तरी कामावर उभी आहेत आणि त्या कोणाला काहीच विचारलेले नाही. पहिली तक्रार तंत्राची आणि दुसरी कायद्याची समजून त्यांचा विचार वेगवेगळा केला जातो. वस्तुतः त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. यंत्राला एखादा चेहरा टिकवायचा तर कोणत्या तरी ठरावीक, मूर्त गोष्टीचा आधार लागतो. आणि तो आधार कोणाच्या मालकीचा, या एका प्रश्नावर चित्राची नैतिक बाजू बहुतांशी ठरते. प्रस्तुत लेखात या संबंधाचा उलगडा केला आहे.

यंत्राला चेहरा का आठवत नाही

या साधनांच्या मुळाशी असलेली पद्धत 'डिफ्यूजन' या नावाने ओळखली जाते. जुन्या दूरचित्रवाणी संचावर प्रक्षेपण बंद झाल्यावर पडद्यावर मुंग्या दिसत. मॉडेलला शिकविताना खऱ्या चित्रांवर अशाच मुंग्या थोड्या थोड्या पेरल्या जातात आणि त्या कशा काढाव्यात हे त्याला शिकविले जाते. चित्र मागितले म्हणजे मॉडेल निव्वळ मुंग्यांनी भरलेल्या चौकटीपासून सुरुवात करते आणि काही टप्प्यांत त्या दूर करीत जाते. कोणत्या दिशेने दूर करायच्या, हे दिलेले शब्द ठरवतात. सुरुवातीची चौकट एका आकड्यावरून तयार होते. त्यास 'सीड' म्हणतात. मॉडेल तेच, शब्द तेच, सीड तोच आणि इतर मांडणीही तीच असेल, तर चित्रही तेच येते. पण त्याच मुलीला खुर्चीवरून उठवून रुग्णाच्या खाटेजवळ उभे करावयाचे, तर शब्द बदलावे लागतात. आणि शब्द बदलले की चेहराही बदलतो. मागच्या चित्रात कोण होते, याची मॉडेलला आठवण नसते. प्रत्येक चित्र त्याच्या दृष्टीने पहिलेच.

वर्णन अधिक बारकाईने लिहिल्यास प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. समजा, रुग्णसाहाय्य अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेसाठी 'शबाना' नावाचे पात्र हवे आहे. वय २२, वर्ण गव्हाळ, चेहरा गोल, फिकट निळी ओढणी, डाव्या मनगटावर घड्याळ, असे लिहिले तरी त्या वर्णनात बसणाऱ्या मुली असंख्य आहेत. वृत्तपत्रांतील 'हरवले आहेत' या जाहिरातीची येथे आठवण होते. तिच्यात वर्ण, उंची, बांधा, अंगावरील कपडे हे सर्व दिलेले असते. तरीही शेजारी फोटो छापावाच लागतो, कारण त्या वर्णनाची शेकडो माणसे रस्त्याने चालत असतात. शब्द प्रकार सांगतात, व्यक्ती सांगत नाहीत.

शब्दांनी केलेल्या वर्णनात आणखी एक अडचण आहे. जे सांगितलेले नसते, ते मॉडेल आपल्या सवयीने भरते. 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' या नियतकालिकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मिडजर्नीची तपासणी प्रसिद्ध केली. 'भारतीय व्यक्ती' एवढेच मागितले असता जवळजवळ प्रत्येक वेळी वृद्ध, दाढीवाला पुरुष समोर आला. ज्या देशातील निम्मी लोकसंख्या स्त्रियांची आणि मोठा भाग तरुणांचा, त्या देशाचे हे चित्र! बेळगाव वा सोलापूरकडील अनेक मुस्लिम स्त्रिया साडी नेसतात, हैदराबादेतील दुपट्ट्याची तऱ्हा वेगळी, इंदूरच्या मुलीची आणखी वेगळी. हे फरक ज्या वर्गात रोज दिसतात, त्या वर्गाच्या पुस्तिकेत यंत्राने ठरविलेला सरसकट पेहराव आला, तर विद्यार्थिनींना ते चित्र आपले वाटण्याची शक्यता कमीच.

'झारिया' चे उदाहरण

शब्दांना व्यक्ती सांगता येत नाही, याला एक अपवाद आहे. तो म्हणजे प्रसिद्ध माणसाचे नाव. ज्या नावासोबत हजारो छायाचित्रे इंटरनेटवर आहेत, ते नाव मॉडेलसाठी वर्णन राहत नाही, तर जाहिरातीतील फोटोचे काम करते. या गोष्टीचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेत घडले.

क्रिस काश्तानोवा यांनी २०२२ मध्ये मिडजर्नीच्या साहाय्याने 'झारिया ऑफ द डॉन' ही १८ पानांची चित्रकथा तयार केली. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकन प्रताधिकार कार्यालयाने तिची नोंदणी केली. नायिका झारिया पानामागून पान बऱ्यापैकी तीच दिसते, हे त्या काळच्या साधनांच्या मानाने विशेष होते. मात्र तिचा चेहरा अमेरिकन अभिनेत्री झेंडाया हिच्याशी कमालीचा जुळतो, हेही अनेकांच्या लक्षात आले.

पुढे प्रताधिकार कार्यालयाने नोंदणीचा फेरविचार केला. २१ फेब्रुवारी २०२३ च्या पत्रात निर्णय असा दिला गेला की, कथेचा मजकूर आणि चित्रे-मजकूर यांची निवड व मांडणी ही काश्तानोवा यांची निर्मिती होय व तिला संरक्षण मिळेल. मिडजर्नीने काढलेल्या एकेका चित्राला मात्र मिळणार नाही. काश्तानोवा यांनी झारियाच्या ओठांत फोटोशॉपवर केलेली दुरुस्तीही अपुरी ठरली. म्हणजे पात्र टिकले, परंतु त्या पात्राचे रूप कोणाचे, याचे उत्तर 'कोणाचेच नाही' असे आले.

या गोष्टीचा पुढचा भाग कमी चर्चिला जातो, पण अध्यापकांच्या दृष्टीने तोच अधिक उपयोगी आहे. काश्तानोवा यांनी नंतर स्वतःच्या हाताने रेखाटन करून ते यंत्राला दिले व त्यावरून 'रोझ एनिग्मा' हे चित्र तयार केले. त्याची नोंदणी झाली. हाताने काढलेला आणि अंतिम चित्रात स्पष्ट ओळखू येणारा जो भाग, तेवढ्यापुरती ती मर्यादित आहे. प्रताधिकार कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या आपल्या अहवालात हे उदाहरण आवर्जून दिले आहे. दोन्ही वेळा काम करणारी व्यक्ती एकच आणि यंत्रही त्याच जातीचे. फरक पडला तो आधाराने.

भारतात या बाबतीत स्पष्टता कमी आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम २ (ड) मध्ये संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण होण्यास कारण झालेली व्यक्ती, असे म्हटले आहे. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली, तेव्हा आजची यंत्रे नव्हती. २०२० मध्ये 'सूर्यास्त' या चित्राची नोंदणी मनुष्य व संगणक-प्रणाली या दोघांच्या नावे झाली आणि २०२१ मध्ये ती मागे घेण्याची नोटीसही निघाली, यावरून गोंधळाची कल्पना यावी.

शैलीची उसनवारी

चेहऱ्यासाठी जसे अभिनेत्रीचे नाव, तसे रेखाटनाच्या पद्धतीसाठी चित्रकाराचे नाव. सर्व चित्रे एकाच हातची वाटावीत, म्हणून सूचनेत एखाद्या चित्रकाराचे नाव घालण्याची युक्ती पहिल्या वर्षातच रूढ झाली. पोलंडचे चित्रकार ग्रेग रुटकोव्स्की यांचे नाव सप्टेंबर २०२२ पर्यंत सुमारे ९३ हजार सूचनांत वापरले गेल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. जिवंत, चाळिशीही न गाठलेला, उदरनिर्वाहासाठी चित्रे काढणारा हा माणूस. त्यांच्या नावाने शोध घेतला असता त्यांची चित्रे मागे पडून यंत्राची नक्कल पुढे येऊ लागली, ही त्यांची चिंता होती.

याहून बारकाईने पाहण्याजोगे उदाहरण होली मेंगर्ट यांचे. लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या या चित्रकार मुख्यतः पात्ररेखाटनाचे काम करतात. ऑगस्ट २०२२ मध्ये गुगलच्या संशोधकांनी 'ड्रीमबूथ' ही पद्धत प्रसिद्ध केली होती. एखाद्या वस्तूची वा व्यक्तीची तीन ते पाच चित्रे देऊन मॉडेलला ती 'ओळखीची' करून देता येते, असा तिचा आशय. चेहरा टिकविण्याच्या प्रश्नावर हे पहिले समाधानकारक उत्तर होते. दोन महिन्यांतच कॅनडातील एका विद्यार्थ्याने मेंगर्ट यांची ३२ चित्रे घेऊन त्यांच्या शैलीचे मॉडेल तयार केले आणि सर्वांसाठी खुले केले. त्यास वेळ लागला सुमारे अडीच तास व खर्च आला दोन डॉलरपेक्षा कमी. मेंगर्ट यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी नंतर जे सांगितले ते महत्त्वाचे आहे. त्या ३२ पैकी अनेक चित्रे त्यांनी डिस्नेसारख्या ग्राहकांसाठी काढलेली होती; त्यामुळे कोणी विचारले असते तरी त्यांना परवानगी देता आली नसती, कारण हक्क त्यांच्याकडे नव्हतेच.

तेव्हा सातत्याचे साधन आणि उसनवारीचे साधन ही वेगळी नाहीत. ड्रीमबूथनंतर लोकप्रिय झालेले 'लोरा' हेही तसेच. मूळ मॉडेलला हात न लावता वर एक लहानशी जोडफाईल तयार करण्याची ही पद्धत २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी भाषेच्या मॉडेलांसाठी मांडली होती. पुढे ती चित्रांसाठी वापरात आली. मार्च २०२४ मध्ये मिडजर्नीने पात्राचे संदर्भचित्र देण्याची सोय केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या गुगलच्या जेमिनी २.५ फ्लॅश इमेजने तर एका छायाचित्रावरून तोच चेहरा अनेक प्रसंगांत नेण्याचे काम घरोघरी पोहोचविले. प्रत्येक वेळी मागणी एकच असते : फोटो द्या. कोणाचा द्यायचा, हे यंत्र विचारीत नाही.

गोव्याच्या अध्यापकाला येथे एक मोह हमखास होईल, तो मारिओ मिरांडांचा. बाजार, बस, चर्चसमोरची गर्दी हे सर्व त्यांच्या रेषेत मागावे आणि पुस्तिका सजवावी. शैली हा काही प्रताधिकाराचा विषय नाही, हे खरे. परंतु मिस फोन्सेका, मिस निंबूपानी यांसारखी पात्रे व प्रत्यक्ष चित्रे संरक्षित आहेत. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. मिरांडांचे निधन डिसेंबर २०११ मध्ये झाले. तेव्हा ही मुदत २०७१ अखेर संपेल. आणि कायद्याचे सोडले तरी, ज्या चित्रकाराची रेष गोव्यातील प्रत्येक जण लांबून ओळखतो, तिची यंत्राने काढलेली फिकी नक्कल मुलांसमोर ठेवण्यात शैक्षणिक लाभ कोणता, हे विचारायला हवे.

'अध्यापनासाठी सर्व चालते' हा समजही तपासून घेणे आवश्यक आहे. कलम ५२ अन्वये अध्यापक किंवा विद्यार्थी यांनी अध्यापनाच्या ओघात केलेले पुनरुत्पादन प्रताधिकारभंग ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात या सवलतीचा उदार अर्थ लावला. पण ती सवलत अध्यापनाच्या ओघापुरती आहे. छापून विकलेली पुस्तिका, प्रवेशाच्या जाहिरातीचा फलक किंवा संस्थेचे दिनदर्शिकेवरील बोधचिन्ह यांना तिचे छत्र मिळेलच, असे गृहीत धरू नये.

पात्रपत्रक : स्वतःचा आधार

यावर उपाय नवा नाही. व्यंगचित्रपट काढणारे कलावंत अनेक दशके एक कागद तयार करीत आले आहेत, ज्यावर पात्र समोरून, बाजूने, पाऊण वळलेले, मागून, बसलेले, हसताना, रागावलेले असे काढलेले असते. दहा चित्रकार एकाच पात्रावर काम करतात तेव्हा सर्वांसमोर तो कागद असतो. त्यास पात्रपत्रक म्हणता येईल. यंत्र हे अकरावे चित्रकार समजावे आणि त्यालाही तोच कागद द्यावा.

शबानाचे पात्रपत्रक साध्या पेन्सिलीने काढलेले असले तरी पुरते. चित्रकलेत गती असलेला विद्यार्थी किंवा गावातील कलाशिक्षक यांनी काढलेली १५ ते २० रेखाटने लोरा तयार करण्यास बहुधा पुरेशी होतात. संख्येपेक्षा विविधता महत्त्वाची आहे. सर्व रेखाटनांत तीच भिंत, तीच खुर्ची व तीच निळी ओढणी असेल, तर यंत्र भिंत, खुर्ची आणि ओढणी हे सर्व चेहऱ्याचाच भाग समजते आणि पुढे हिरवी ओढणी मागितली तरी निळीच देते. म्हणून पार्श्वभूमी, कपडे व कोन बदलते ठेवावेत. नाकाची ठेवण, भुवया, हनुवटी, एखादी ठळक खूण एवढेच कायम राहावे. प्रत्येक रेखाटनासोबत लिहावयाच्या वर्णनाचा नियमही यातूनच निघतो. जे बदलावयाचे आहे ते शब्दांत लिहावे. जे कायम राहावयाचे आहे ते लिहू नये, त्यासाठी भाषेत कोठेही नसलेला एखादा बनावट शब्द पात्राचे नाव म्हणून द्यावा. 'शबाना' हे नाव स्वतः वापरू नये, कारण या नावाची एक विख्यात अभिनेत्री आहे आणि यंत्र तिच्याकडे वळण्याचा धोका राहतो.

शरीराची ठेवण नेमकी हवी असेल, उदाहरणार्थ रुग्णाला कुशीवर वळविताना साहाय्यिकेचे हात कोठे असावेत, तर 'कंट्रोलनेट' उपयोगी पडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मांडलेल्या या पद्धतीत रेखाटन किंवा सांगाड्यासारखी आकृती देऊन चित्राची मांडणी पक्की करता येते. रुग्णसाहाय्यासारख्या विषयात चुकीची पकड दाखविणारे देखणे चित्र न दाखविलेले बरे. विषयतज्ज्ञाने तपासल्याशिवाय असे एकही चित्र छापू नये.

रेखाटने विद्यार्थ्याकडून घेताना संस्थांची एक सवय आड येते. 'आपल्याच कॉलेजचा मुलगा आहे' म्हणून कागदोपत्री काही होत नाही. कायद्याप्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, मोबदला देणारा असतो. परंतु मोबदला न देता घेतलेले चित्र काढणाऱ्याचेच राहते. हक्क हस्तांतरित करावयाचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी व सहीनिशी व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता मानला जातो, आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो परत जातो. कलम ५७ चा नैतिक हक्क, म्हणजे कर्ता म्हणून नाव लागण्याचा आणि कृतीची विकृती रोखण्याचा हक्क, हस्तांतरणानंतरही कर्त्याकडेच राहतो. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांशी बोलणे ओघानेच आले.

जुन्या संस्थांसाठी कलम १८ मधील २०१२ ची दुरुस्ती विशेष महत्त्वाची आहे. हस्तांतरणाच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज, ते हस्तांतरण लागू होत नाही. त्यामुळे एखाद्या चित्रकाराने पूर्वी संस्थेच्या वाचनमालेसाठी काढलेली चित्रे कपाटात आहेत, म्हणून ती आता यंत्राला शिकविण्यासाठी घालता येतील, असे समजणे धोक्याचे आहे. चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना पुन्हा विचारणे हाच सरळ मार्ग. नव्या करारात 'या रेखाटनांवरून संगणकीय मॉडेल तयार करण्यास व त्यातून नवी चित्रे काढण्यास संमती' असे वेगळे वाक्य असावे, आणि शक्य तर त्यासाठी वेगळा मोबदलाही.

रेखाटने काढणारे कोणीच नसेल तर मुदत संपलेल्या कृतींकडे वळता येते. कोल्हापुरात जन्मलेले व मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये घडलेले एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरील प्रताधिकार २००४ अखेर संपला. निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांचे पेहराव त्यांनी बारकाईने टिपले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये मुदत संपलेल्या कृतींची पावणेचार लाख छायाचित्रे विनाअट खुली केली. त्या संग्रहालयात चांदबिबीचे शिकारीचे एक दख्खनी लघुचित्र आहे. ते इ. स. १७०० च्या सुमाराचे, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी काढलेले. अहमदनगरच्या या राज्यकर्तीवर पाठ तयार करणाऱ्या इतिहासाच्या अध्यापकाने त्यावरून घोड्याचा साज, पोशाख आणि रंग अवश्य घ्यावेत. पण 'चांदबिबीचा खरा चेहरा' असे खाली लिहू नये.

विद्यार्थिनींची छायाचित्रे वापरण्याची सूचना हटकून पुढे येते, कारण ती सर्वांत सोपी आहे. ती टाळलेली बरी. एकदा बाहेरच्या सेवेकडे गेलेले छायाचित्र परत घेता येत नाही, आणि त्यावरून तयार झालेले मॉडेल त्या मुलीला वाटेल त्या प्रसंगात दाखवू शकते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अट घातली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांचे नाव, चेहरा व आवाज यांचा कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे गैरवापर करण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली; नामवंत नटाला न्यायालयात जाता येते, अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीला ते तितके सोपे नाही.

पाया कोणाचा

पात्रपत्रक स्वतःचे असले तरी एक प्रश्न उरतोच. लोरा ही वरची जोड. खालचे मॉडेल कशावर शिकले? स्टेबल डिफ्यूजनचे शिक्षण ज्या 'लायन' संग्रहातून झाले, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत इंटरनेटवरून गोळा केलेले चित्र-मजकुराचे सुमारे ५८५ कोटी दुवे होते. कोणाचीही परवानगी घेतलेली नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासकांना त्या संग्रहात बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे असल्याचे आढळले आणि संग्रह मागे घ्यावा लागला. साफसफाई केलेली आवृत्ती ऑगस्ट २०२४ मध्ये आली. सारा अँडरसन, केली मॅककर्नन व कार्ला ऑर्टिझ या चित्रकारांनी जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात दावा दाखल केला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने प्रताधिकारभंगाचे मुख्य आरोप पुढे चालविण्यास अनुमती दिली. उलट, लंडनच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये गेटी इमेजेसच्या दाव्यात मॉडेल ही स्वतःच चित्रांची बेकायदा प्रत ठरत नाही, असे म्हटले. कायदा अजून स्थिरावलेला नाही.

परवानगीच्या पायावरील मॉडेले आहेत, पण थोडी. ॲडोबने मार्च २०२३ मध्ये आणलेले फायरफ्लाय हे आपल्या परवानाधारक संग्रहावर व मुदत संपलेल्या कृतींवर शिकविल्याचे कंपनीने सांगितले. एप्रिल २०२४ मध्ये मात्र त्या शिक्षणसामग्रीत सुमारे पाच टक्के चित्रे यंत्रनिर्मित, त्यांतील काही मिडजर्नीची होती, असे वृत्त आले. 'कॉमनकॅनव्हास' हे २०२३ मधील संशोधन-मॉडेल क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या सुमारे सात कोटी चित्रांवर शिकलेले आहे. २०२४ मध्ये आलेल्या 'पीडी१२एम' या संग्रहात १ कोटी २४ लाख चित्रे असून ती मुदत संपलेली किंवा कर्त्यांनी हक्क सोडलेली आहेत. अशा पायावरील चित्रे काही वेळा कमी झगमगीत येतात. झेरॉक्सवर छापावयाच्या पुस्तिकेला रेषाचित्र लागते, झगमगाट लागत नाही; त्यामुळे या उणिवेची फार चिंता कम्युनिटी कॉलेजने करू नये. फायरफ्लायबाबतचे वृत्त लक्षात घेऊनही, लायनवरील मॉडेलपेक्षा ते वापरणे अधिक सयुक्तिक ठरते.

नोंदवही

कोणतेही मॉडेल निवडले तरी नोंद ठेवल्याशिवाय काम पुढे जात नाही. प्रत्येक चित्रामागे मॉडेलचे नाव व आवृत्ती, सीड, दिलेली सूचना, वापरलेली रेखाटने, ती काढणाऱ्याचे नाव, कराराची तारीख आणि चित्र तपासणाऱ्या विषयशिक्षकाची सही एवढे एका ओळीत लिहून ठेवावे. ही केवळ कायदेशीर खबरदारी नव्हे. इंटरनेटवरील सेवा आपली मॉडेले सूचना न देता बदलतात, आणि सहाव्या धड्यापर्यंत ओळखीची असलेली शबाना सातव्या धड्यात भलतीच कोणी होते. मॉडेल स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतले असेल आणि नोंदवही पूर्ण असेल, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या अध्यापकालाही तीच शबाना काढता येते. तसे नसेल तर पेन्सिलीचे पात्रपत्रक घेऊन नव्या मॉडेलला पुन्हा शिकवावे लागते. तेही न जमल्यास ज्या विद्यार्थ्याने ते काढले, त्यालाच उरलेल्या धड्यांची चित्रे हाताने काढून देण्यास सांगता येते, आणि अशा वेळी त्याचा मोबदला ठरविताना पहिल्या करारातील रक्कम नोंदवहीत सापडते.